इंदूरच्या मराठी मंडळांचे आणि छोट्या दुकानांचे हिशेब स्प्रेडशीटमध्ये: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर अशा वस्त्यांतील मंडळांचे कोषाध्यक्ष, सियागंजातील किराणा व्यापारी आणि घरगुती शिकवण्या चालवणारी मंडळी स्प्रेडशीटबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सूत्रांची आणि कळांची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली असली, तरी संगणकावर ती रोमन अक्षरांतच टंकावी लागतात, एवढे लक्षात ठेवावे.

एक्सेल, गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क यांपैकी काय वापरावे?

या निवडीवर लोक जितका वेळ घालवतात तितकी ती महत्त्वाची नाही. हिशेब एकच माणूस एकाच संगणकावर ठेवत असेल आणि एक्सेल आधीपासून असेल, तर एक्सेल वापरावे. वर्गणी गोळा करणारे चौघे चार गल्ल्यांतून एकाच वेळी मोबाइलवर नोंदी करणार असतील, तर गूगल शीट्स सर्वात सोयीचे पडते. परवान्याचा खर्च नको असेल, तर लिबरऑफिस कॅल्क विनामूल्य आहे आणि मंडळाच्या गरजेपुरते ते कोठेही कमी पडत नाही.

क्षमतेची चिंता आपल्यापैकी कोणालाच करावी लागणार नाही. एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने मावतात. गूगल शीट्सच्या एका फाइलमध्ये एकूण १ कोटी सेल, म्हणजे चौकटी, चालतात. मात्र २००७ पूर्वीच्या एक्सेलच्या फाइल-प्रकारात केवळ ६५,५३६ ओळी मावत असत, आणि त्या जुन्या प्रकारात फाइल जतन करण्याची सवय अजूनही काही ठिकाणी टिकून आहे. २०२० च्या शरद ऋतूत इंग्लंडमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांच्या नोंदी राष्ट्रीय आकडेवारीत वेळेवर पोहोचल्या नाहीत, त्यामागे हीच जुनी मर्यादा होती. मर्यादेपलीकडच्या ओळी गुपचूप गळून पडल्या आणि कोणाच्या लक्षात आले नाही.

नोंदी कशा ठेवाव्यात, म्हणजे पुढचा वेळ वाचेल?

सर्व प्रश्नांत हा प्रश्न सर्वात कमी वेळा विचारला जातो आणि बाकीच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ येथेच असते. जुन्या पेढीवर मुनीमजी दोन वेगळ्या वह्या ठेवत असत. रोजकीर्दीत जे घडले ते घडले त्या क्रमाने, एका व्यवहाराला एक नोंद, असे लिहिले जाई. खतावणीत त्याच नोंदी खातेवार मांडल्या जात. रोजकीर्दीत कोणी खातेवार रकाने पाडत नसे आणि खतावणीत कोणी थेट रोखीची नोंद करत नसे. स्प्रेडशीटमध्ये आपण नेमका हाच भेद विसरतो आणि एकाच शीटवर नोंदही करतो, बेरीजही करतो, वर मोठ्या अक्षरांत मंडळाचे नावही सजवतो.

तेव्हा पहिली शीट ही रोजकीर्द समजावी. एका पावतीला एक ओळ. तारीख, पावती क्रमांक, सभासद क्रमांक, नाव, वस्ती, रक्कम, रोख की यूपीआय की धनादेश, आणि कशासाठी, इतके रकाने पुरे. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे असावीत आणि त्यांच्या वर काहीही नसावे. मध्ये रिकामी ओळ सोडू नये, महिनाअखेरची बेरीज त्याच रकान्यात घुसवू नये आणि सेल एकमेकांत मिसळू नयेत, म्हणजे ज्याला ‘मर्ज’ म्हणतात ते करू नये, कारण मर्ज केलेल्या ओळींवर क्रम लावणे आणि फिल्टर चालवणे दोन्ही अडते. मथळा मधोमध दिसावा एवढीच हौस असेल, तर कंट्रोल आणि १ दाबून ‘अलाइनमेंट’मध्ये ‘सेंटर अक्रॉस सिलेक्शन’ निवडावे; दिसते तसेच आणि मोडत काही नाही.

जानेवारीला एक शीट, फेब्रुवारीला दुसरी, अशी बारा पाने पाडण्याचा मोहही आवरावा. महिना हा तारखेतून नंतर काढता येतो. बारा पानांतून एक वर्ष जोडणे मात्र कष्टाचे असते. त्याचप्रमाणे ‘थकबाकीदार पिवळे, देणगीदार हिरवे’ अशी माहिती केवळ रंगात साठवू नये, त्यासाठी ‘स्थिती’ असा वेगळा रकाना ठेवावा. रंग डोळ्यांना दिसतो, सूत्राला दिसत नाही.

‘टेबल’ करावे असे सांगतात, त्याचा खरोखर उपयोग होतो का?

होतो. एक्सेलमध्ये नोंदींच्या आत कोठेही उभे राहून कंट्रोल आणि टी दाबले, की ती जागा टेबल बनते. त्यानंतर खाली नवी ओळ लिहिताच टेबल आपोआप वाढते, रकान्यातील सूत्र त्या ओळीत स्वतःहून उतरते आणि टेबलावर बेतलेली बेरीज नव्या नोंदीसह बदलते. ‘सी२ ते सी५००’ अशी मर्यादा घालून केलेली बेरीज ५०१ व्या ओळीला चुकते आणि कोणाला कळत नाही. टेबलात तो धोका राहत नाही. त्यातल्या त्यात टेबलाला ‘पावत्या’ असे अर्थपूर्ण नाव द्यावे, कारण वर्षभराने सूत्र वाचणारे आपणच असतो.

झटपट आकडेमोडीसाठी रोज उपयोगी पडणाऱ्या कळा कोणत्या?

सर्वात जलद बेरीज तर सूत्राशिवायच होते. आकडे निवडले, की खिडकीच्या तळच्या पट्टीवर त्यांची बेरीज, सरासरी आणि संख्या दिसते; दारात उभ्या असलेल्या माणसाला ‘तुमच्या गल्लीतून किती जमले’ हे सांगण्यासाठी एवढे पुरेसे आहे. बेरीज शीटवर हवी असेल, तर रकान्याच्या खाली जाऊन आल्ट आणि बरोबर-चिन्ह दाबावे. आजची तारीख कंट्रोल आणि अर्धविरामाने उमटते, फिल्टर कंट्रोल, शिफ्ट आणि एल यांनी लागतो व निघतो, वरच्या सेलमधील मजकूर कंट्रोल आणि डी यांनी खाली उतरतो. सूत्र संपूर्ण रकान्यात न्यायचे असेल, तर सेलच्या उजव्या तळच्या कोपऱ्यातील छोट्या चौकोनावर दोनदा टिचकी मारावी. शेजारच्या रकान्यात नोंदी जेथपर्यंत आहेत तेथपर्यंत सूत्र जाते.

सूत्र खाली उतरवताना एखादा सेल जागेवरच राहायला हवा असेल, उदाहरणार्थ व्याजाचा दर, तर सूत्रात त्या सेलच्या नावावर एफ४ दाबून डॉलरची चिन्हे लावून घ्यावीत. नव्याने शिकणाऱ्यांची निम्मी सूत्रे येथेच बिघडतात.

फिल्टर लावल्यावर बेरीज तीच का राहते, असेही अनेक जण विचारतात. ‘सम’ हे सूत्र लपलेल्या ओळीही मोजते. केवळ दिसणाऱ्या ओळींची बेरीज हवी असल्यास ‘सबटोटल’ वापरावे आणि त्यातील पहिला आकडा ९ द्यावा. ओळी हाताने लपवल्या असतील आणि त्याही वगळायच्या असतील, तर १०९ द्यावा.

रकान्यात आकडे दिसतात, तरी बेरीज शून्य किंवा कमी येते. असे का होते?

कारण ते आकडे नसून मजकूर असतो. आपल्याकडे रक्कम ‘501/-’ अशी लिहिण्याची जुनी पद्धत आहे आणि पावतीपुस्तकात ती योग्यच आहे, कारण पुढे कोणी आकडा वाढवू नये. स्प्रेडशीटमध्ये मात्र ती तिरकी रेघ पडताच संपूर्ण रक्कम मजकूर ठरते आणि ‘सम’ तिला मुकाट्याने वगळते. चूक दाखवत नाही, हे अधिक वाईट. ओळखण्याची खूण सोपी आहे: खरा आकडा सेलमध्ये उजवीकडे सरकतो, मजकूर डावीकडे राहतो. सेलमध्ये केवळ 501 लिहावे आणि ‘/-’ हे शेपूट दिसण्यापुरते ‘कस्टम’ स्वरूपातून लावावे.

बँकेच्या उताऱ्यातून चिकटवलेले आकडे बहुधा अदृश्य जागेमुळे मजकूर होतात. ‘ट्रिम’ हे सूत्र साध्या जागा काढते, परंतु वेबपानावरून आलेली न तुटणारी जागा, जिचा संकेतांक १६० आहे, ती त्याने जात नाही. ‘सब्स्टिट्यूट’ वापरून ती वेगळी काढावी लागते. त्यानंतर रकाना निवडून ‘डेटा’मधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ उघडावे आणि काहीही न बदलता ‘फिनिश’ दाबावे. बहुतेक आकडे जागच्या जागी खरे होतात.

दूरध्वनीचा पहिला शून्य गायब होतो आणि खाते क्रमांकाचे शेवटचे अंक बदलतात, त्याचे काय करावे?

इंदूरचा ०७३१ हा संकेतांक लिहिला की तो ७३१ होतो, हा अनुभव येथे प्रत्येकाला आलेला आहे. स्प्रेडशीटच्या दृष्टीने आकड्याच्या आधीच्या शून्याला किंमत नसते. खाते क्रमांकाची गोष्ट अधिक गंभीर आहे. एक्सेल कोणत्याही संख्येचे १५ अंकच अचूक जपते. सोळावा अंक आला, की तो शून्य होतो आणि नंतर स्वरूप बदलून तो परत मिळत नाही. म्हणून ज्या संख्येची आपण कधीही बेरीज करणार नाही, ती संख्या नव्हेच, ते नाव आहे, असे समजावे. खाते क्रमांक, आधार, पिन कोड, मोबाइल आणि धनादेश क्रमांक यांचे रकाने नोंदी भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ स्वरूपात ठेवावेत. आधी भरून मग स्वरूप बदलल्यास गेलेले अंक गेलेलेच राहतात.

तारखांचा घोळ कसा टाळावा?

स्प्रेडशीटमध्ये तारीख ही आतून साधी संख्या असते. एक्सेलच्या गणनेत १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस आहे. त्या हिशेबाने २७ ऑगस्ट २०२५ ची गणेश चतुर्थी म्हणजे ४५८९६ आणि ६ सप्टेंबरची अनंत चतुर्दशी म्हणजे ४५९०६. त्यामुळे दोन तारखांची सरळ वजाबाकी करता येते आणि उत्तर दिवसांत, येथे १०, असे मिळते. या गणनेत १९०० हे लीप वर्ष नसूनही लीप धरलेले आहे. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट सॉफ्टवेअरमधील ती चूक एक्सेलने त्याच्याशी जुळून राहण्यासाठी जाणूनबुजून पुढे चालू ठेवली. आपल्या हिशेबाला तिचा त्रास नाही, पण इतक्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्येही वडिलोपार्जित चूक जपली जाते याची गंमत वाटते.

त्रास होतो तो दिवस-महिन्याच्या क्रमाचा. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकी असेल, तर 5/8/2025 ही तारीख ५ ऑगस्ट न राहता ८ मे होते, आणि 13/8/2025 ला तेरावा महिना नसल्याने ती मजकूर म्हणून पडून राहते. अर्ध्या तारखा उजवीकडे आणि अर्ध्या डावीकडे दिसल्या, की हाच आजार आहे असे समजावे. विंडोजमध्ये प्रदेश ‘इंग्लिश, इंडिया’ असा ठेवावा. त्याने तारखा सुधारतात आणि स्वल्पविरामही लाख-कोटींच्या जागी पडतात. दिसण्यासाठी महिना अक्षरी ठेवावा, म्हणजे वाचणाऱ्यालाही शंका उरत नाही.

तारीख खरी असेल, तर आर्थिक वर्ष काढणे एका सूत्राचे काम आहे. ‘ई-डेट’ने तारीख तीन महिने मागे न्यावी आणि तिचे ‘इयर’ घ्यावे. ३१ मार्च २०२५ मागे जाऊन २०२४ मध्ये पडते, १ एप्रिल २०२५ ही २०२५ मध्येच राहते, आणि मिळालेले वर्ष हे आर्थिक वर्षाचे आरंभीचे वर्ष असते.

वस्तीवार किंवा महिनावार गोषवारा सर्वात लवकर कसा मिळतो?

पिव्होट टेबलने. रोजकीर्दीतून खतावणी उतरवण्याचे जे काम मुनीमजींना रात्री जागून करावे लागे, ते येथे चार वेळा माउस ओढून होते: ‘वस्ती’ ओळींत टाकावी, ‘महिना’ रकान्यांत, ‘रक्कम’ किमतींत, आणि ‘कशासाठी’ फिल्टरमध्ये. उत्तर मिळाल्यावर एखाद्या आकड्यावर दोनदा टिचकी मारली, की एक्सेल त्या आकड्यामागच्या सर्व मूळ ओळी वेगळ्या शीटवर काढून देते. वार्षिक सभेत ‘आमच्या वस्तीची वर्गणी इतकी कमी कशी’ असा प्रश्न उठतो, तेव्हा या एका सोयीने वाद मिटलेला मी पाहिला आहे. नावे समोर आली, की आवाज खाली येतो.

एक सावधगिरी बाळगावी. नवी नोंद केल्यावर एक्सेलचे पिव्होट टेबल सहसा आपोआप बदलत नाही, त्यासाठी ‘रिफ्रेश’ करावे लागते. गूगल शीट्समधील मात्र स्वतःच बदलते. सभेला जाण्यापूर्वी ‘रिफ्रेश ऑल’ दाबल्याशिवाय छापू नये.

मग ‘सम-इफ्स’, म्हणजे दिलेल्या अटींत बसणाऱ्या ओळींचीच बेरीज करणारे सूत्र, कशासाठी? ज्या गोषवाऱ्याचा साचा ठरलेला आहे, जसे लेखापरीक्षकाला द्यायचा जमाखर्च, त्यासाठी. ‘सम-इफ्स’मध्ये प्रथम बेरजेचा रकाना आणि मग अटींच्या जोड्या, म्हणजे रकाना आणि त्याची अट, अशा क्रमाने द्यायच्या असतात. साचा कायम राहतो आणि आकडे बदलत राहतात. पाहणीसाठी पिव्होट आणि छपाईसाठी ‘सम-इफ्स’, अशी वाटणी मला सोयीची वाटते.

दोन याद्या जुळवताना तीच नावे असूनही ती सापडत नाहीत. दोष कोणाचा?

दोष बहुधा लिपीचा आणि थोडा सूत्राचा असतो. प्रथम सूत्राबद्दल. एका यादीतील नाव दुसऱ्या यादीत शोधून त्याच्या ओळीतील माहिती आणणाऱ्या ‘व्ही-लूकअप’चे चौथे स्थान रिकामे ठेवले, तर ते अंदाजे जुळणी करते आणि क्रम न लावलेल्या यादीत बेधडक चुकीचे उत्तर देते. तेथे ‘फॉल्स’ किंवा शून्य लिहिणे विसरू नये. शिवाय मध्ये नवा रकाना घातला, की त्यातील रकान्याचा क्रमांक चुकतो. ‘एक्स-लूकअप’मध्ये हे दोन्ही दोष नाहीत: ते मुळातच अचूक जुळणी करते, डावीकडेही पाहते आणि न सापडल्यास काय लिहावे हे त्यालाच सांगता येते. एक्सेल २०२१ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांत, गूगल शीट्समध्ये आणि लिबरऑफिसच्या २४.८ पासून ते उपलब्ध आहे.

आता लिपीबद्दल, आणि ही अडचण पुण्या-मुंबईच्या लोकांपेक्षा आपल्याला अधिक. आपली सभासद यादी मराठीत असते, तर मध्य प्रदेशातील सरकारी व बँकेची कागदपत्रे हिंदीत. आपण ‘काळे’ लिहितो, तेथे ‘काले’ असते. आपले ‘होळकर’ तेथे ‘होल्कर’ किंवा ‘होलकर’ होतात. माणसाला ही एकच नावे वाटतात, स्प्रेडशीटला ती तीन वेगळी माणसे आहेत. त्याहून फसवी गोष्ट ‘वऱ्हाडपांडे’, ‘गोऱ्हे’ अशा नावांची. त्यातील अर्धा र दोन पद्धतींनी टंकता येतो, एकीत नुक्ता असलेला ऱ वापरून आणि दुसरीत साध्या र नंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, परंतु आतील संकेतांक वेगळे असल्यामुळे जुळणी होत नाही आणि कारणही डोळ्यांना दिसत नाही.

तात्पुरता उपाय असा: दोन्ही याद्यांच्या शेजारी एक मदतीचा रकाना करावा आणि त्यात ‘सब्स्टिट्यूट’ने ळ चा ल करावा, अदृश्य चिन्हे काढावीत, ‘ट्रिम’ने जागा काढाव्यात, आणि मग त्या रकान्यांवर जुळणी करावी. मूळ नावाला हात लावू नये. कोणाच्याही आडनावातील ळ आपल्या सोयीसाठी खोडण्याचा अधिकार कोषाध्यक्षाला नाही. कायमचा उपाय म्हणजे नावावर जुळणी करणेच सोडावे आणि प्रत्येक सभासदाला क्रमांक द्यावा. एकाच वाड्यात दोन ‘सुधाकर जोशी’ असू शकतात, एकाच यादीत दोन ‘१४७’ असू शकत नाहीत.

वस्तीच्या रकान्यात मात्र क्रमांकांची गरज नाही. तेथे ‘डेटा व्हॅलिडेशन’ने निवड-यादी लावावी, म्हणजे ‘राजेंद्र नगर’, ‘राजेंद्रनगर’ आणि ‘राजेन्द्र नगर’ अशा तीन वस्त्या गोषवाऱ्यात उगवत नाहीत.

जुन्या फाइलमध्ये फाँट बदलताच अक्षरांचा कचरा होतो. ती माहिती वाचवता येईल का?

येईल. ती फाइल कृतिदेव किंवा तत्सम जुन्या फाँटमध्ये टंकलेली असणार. अशा फाइलमध्ये खरोखर रोमन अक्षरे साठवलेली असतात आणि फाँट त्यांना केवळ देवनागरीचे रूप देतो. म्हणून त्यांत शोध चालत नाही, क्रम लागत नाही. मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून देणारी साधने मिळतात. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घालावेत, आणि जुनी फाइल वर्षभर तरी जपून ठेवावी.

बँकेचा उतारा आणि पावत्या जुळत नाहीत. फरक कोठे आहे हे लवकर कसे शोधावे?

दोन्ही याद्या शेजारी ठेवून डोळ्यांनी टिकमार्क करण्याचे दिवस गेले. पावत्यांच्या यादीत एक रकाना वाढवावा आणि ‘काउंट-इफ्स’ने विचारावे, की ही तारीख आणि ही रक्कम उताऱ्यात किती वेळा आहे, तोच प्रश्न उताऱ्याच्या बाजूने पावत्यांना विचारावा. जेथे दोन्ही बाजूंची संख्या सारखी नाही, तेवढ्याच ओळी फिल्टरने काढून पाहाव्यात. धनादेश पावतीच्या तारखेलाच वटेल असे नाही, म्हणून तेथे तारखेऐवजी धनादेश क्रमांक घ्यावा. यूपीआयसाठी व्यवहार क्रमांकाचा रकाना पहिल्या दिवसापासून ठेवला असेल, तर हे सारे काम दहा मिनिटांचे आहे.

फरकाचा आकडाही बोलतो, आणि ही युक्ती संगणकाच्या फार आधीची आहे. फरकाला ९ ने नि:शेष भाग जात असेल, तर दोन शेजारचे अंक उलटे पडले असण्याचा संशय घ्यावा. १,५४० च्या जागी १,४५० लिहिले, की फरक ९० येतो. फरकाच्या निम्म्या रकमेची एखादी नोंद सापडली, तर ती जमेऐवजी खर्चाच्या बाजूला गेलेली असते.

बारा महिन्यांच्या बारा फाइली आधीच झाल्या आहेत. त्या एकत्र कशा कराव्यात?

कॉपी-पेस्ट करू नये. एक्सेल २०१६ पासून ‘डेटा’ पट्टीवर असलेले पॉवर क्वेरी यासाठीच आहे. सर्व फाइली एका फोल्डरमध्ये ठेवाव्यात, ‘गेट डेटा’मधून ‘फ्रॉम फोल्डर’ निवडावे आणि ‘कंबाइन’ करावे. शीटचे नाव आणि रकान्यांची नावे सर्व फाइलींत अक्षरशः सारखी असावीत, एवढे पाहावे. वाटेत नको असलेल्या ओळी वगळणे, तारखेचे स्वरूप ठरवणे, रकाने जोडणे ही कामे एकदा दाखवली, की ते पायरीपायरीने लक्षात ठेवते. पुढच्या महिन्याची फाइल त्याच फोल्डरमध्ये टाकून ‘रिफ्रेश’ दाबले, की सर्व पायऱ्या पुन्हा आपोआप होतात. या पानावरील कोणत्याही साधनापेक्षा यात अधिक तास वाचतात, तरीही सर्वात कमी लोक ते उघडून पाहतात.

वर्गणीची सरासरी सांगावी का?

बहुतेक वेळा सांगू नये. दहा जणांपैकी नऊ जणांनी ५०१ रुपये दिले आणि एकाने ५१,०००, तर सरासरी ५,५५०.९० येते, ती वर्गणी दहांपैकी एकानेही दिलेली नाही. ‘मीडियन’, म्हणजे क्रम लावल्यावर मधोमध येणारी रक्कम, ५०१ आहे आणि तीच वस्तीची खरी कल्पना देते.

पैशांत एक-दोनचा फरक का पडतो?

सेलमध्ये दिसते ते आणि आत साठते ते वेगळे असते. हजार रुपये तिघांत वाटले, तर प्रत्येकी ३३३.३३ दिसतात, पण आत तीनची रांग चालूच असते. छापलेले तीन आकडे हाताने मिळवले तर ९९९.९९ होतात आणि शीट मात्र १,००० दाखवते. रक्कम जेथे ठरते तेथेच ‘राउंड’ करावे, बेरजेच्या वेळी नव्हे.

एआय साधनांकडून सूत्रे लिहून घ्यावीत का?

सूत्र विचारावे, यादी देऊ नये. रकान्यांची नावे आणि दोन खोट्या ओळी सांगूनही चांगले सूत्र मिळते. त्यासाठी सभासदांचे मोबाइल क्रमांक आणि खात्यांचे तपशील बाहेरच्या साधनात चिकटवण्याचे कारण नाही. मिळालेले सूत्र ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे अशा पाच-दहा ओळींवर चालवून पाहावे.

मॅक्रो शिकावे का?

मॅक्रो म्हणजे फाइलमध्ये साठवलेला छोटा प्रोग्राम; मंडळाच्या कामाला त्याची गरज पडत नाही. कोणी पाठवलेल्या फाइलने मॅक्रो चालू करण्याची परवानगी मागितली, तर ती देऊ नये.

सूत्रे बरोबर आहेत याची खात्री कशी करावी?

कंट्रोलसोबत, एस्केपच्या खाली असलेली तिरक्या खुणेची कळ दाबली, की शीटवर उत्तरांऐवजी सूत्रे दिसतात. रकान्यात मध्येच कोठे सूत्राच्या जागी हाताने टाकलेला आकडा असेल तर तो लगेच उठून दिसतो. दुसरी खात्री म्हणजे एकच बेरीज दोन वाटांनी करणे: पिव्होटची एकूण रक्कम आणि पावत्यांच्या रकान्याची थेट बेरीज यांची वजाबाकी एका सेलमध्ये कायम ठेवावी आणि ती शून्य नसेल तर सेल लाल व्हावा, अशी ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ची अट लावावी.

हे अतिसावधपणाचे वाटत असेल, तर कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांचे उदाहरण पाहावे. सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरील त्यांच्या २०१० च्या बहुचर्चित निबंधामागच्या एक्सेल शीटमध्ये सरासरीचे सूत्र पाच ओळी आधीच थांबले होते, त्यामुळे वीसपैकी पाच देश वगळले गेले. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने ती शीट मागवून घेतली, तेव्हा ते उघड झाले. निबंधावरील आक्षेप केवळ या चुकीपुरते नव्हते, पण ही चूक टेबल केले असते तर झालीच नसती.

नव्या कोषाध्यक्षाकडे फाइल सोपवताना काय द्यावे?

आमच्या मंडळात एकदा फाइल आली आणि संकेतशब्द आला नाही. आधीच्या कार्यकर्त्यांची बदली झाली होती आणि त्यांनाही तो आठवेना. तेव्हापासून मी संकेतशब्द बंद पाकिटात अध्यक्षांकडे ठेवतो. ‘प्रोटेक्ट शीट’चा संकेतशब्द केवळ चुकून होणारे बदल रोखतो, त्याने माहिती गुप्त राहत नाही, गुप्तता हवी असेल तर संपूर्ण फाइललाच ‘एन्क्रिप्ट विथ पासवर्ड’ने कुलूप लावावे. फाइलमध्ये ‘वाचा’ नावाची पहिली शीट असावी आणि तिच्यात प्रत्येक रकान्याचा अर्थ, निवड-याद्या कोठे आहेत आणि महिनाअखेरीस कोणत्या क्रमाने काय करायचे, हे साध्या वाक्यांत लिहिलेले असावे. ३१ मार्चची प्रत वेगळ्या नावाने जतन करून पेन ड्राइव्हवर आणि क्लाउडवर अशा दोन ठिकाणी ठेवावी, आणि सोपवण्याच्या दिवशी नव्या माणसाला शेजारी बसवून एक पावती त्याच्याच हातून नोंदवून, गोषवारा त्याच्याच हातून काढून घ्यावा.